राजय्या मास्तरांचे छापील गुपित

सोलापुरात मराठीत छापलेला कागद जाहीर समजायचा की गुप्त?

वाचकहो, हसू नका. मी हा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नाही. आपल्या शहरातल्या एका प्रतिष्ठित क्लबाच्या कार्यकारी मंडळाने या प्रश्नाचे उत्तर रीतसर ठराव करून दिले आहे. उत्तर असे की, मराठीत छापलेला कागद गुप्त असतो! त्या ठरावामुळे राजय्या मास्तर नावाच्या माणसावर पत्त्यांच्या खेळात लबाडी केल्याचा डाग बसला. मास्तर यंदाच्या उन्हाळ्यात विषमज्वराने गेले. डाग मात्र क्लबाच्या वहीत शाबूत आहे. तो तिथून निघावा एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे.

मास्तरांचे चरित्र मला ठाऊक नाही. ते कोणत्या साली जन्मले, किती इयत्ता शिकले, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ते साखर पेठेतल्या विणकराच्या घरातले होते, घरात तेलुगू बोलत आणि शाळेत मराठीतून अंकगणित शिकवत. मला ठाऊक असलेला माणूस एवढ्यावरून सुरू होतो.

मी त्या वेळी मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत होतो. माझे खरे शिक्षण पत्रकांवरच झाले आहे. संपाची पत्रके, बहिष्काराची पत्रके, दारूबंदीची पत्रके. ज्या कागदाच्या वरच्या बाजूला उद्गारचिन्ह नाही तो कागद मला त्या काळी बेचव लागे. अशा एका दुपारी गिरणी कामगारांच्या सभेचे पत्रक यंत्रावर चढलेले असताना एक उंच, किडकिडीत गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. काळा कोट, आणि कोटाच्या खांद्यांवर सुताचे पांढरे तंतू. ते तंतू त्यांच्या कोटावरून कधीच गेले नाहीत. घरात दोन माग असलेल्या माणसाने कोट झटकून काय उपयोग, असे ते म्हणत.

ते नुसते उभेच राहिले. खिळे जुळवणारा म्हादबा कंटाळून म्हणाला, “बोला की मास्तर. हितं शाई वाळाया लागली.”

मास्तर आणखी थोडे थांबले आणि म्हणाले, “चार पानी पत्रक छापायचं आहे. मथळा असा: ‘समतोल पानांत लांब रंग आल्यास प्रथम काय बोलावे’.”

“म्हंजी लग्नाचं हाय व्हय?” म्हादबाने विचारले.

“पत्त्यांचं आहे.”

माझे माथे भडकले. गिरणीच्या दारात माणसे उपाशी उभी, आणि हा शिकलेला विणकर साहेबलोकांच्या पत्त्यांवर पत्रक काढतो! मी तसे तोंडावर बोललो. मास्तर गप्प. मला वाटले, लाजले. ते लाजले नव्हते, हे मला पुढे कळले. दुसरे वाक्य ठरल्याशिवाय पहिले वाक्य तोंडाबाहेर काढायचे नाही, अशी त्यांची सवय होती. एखादा माणूस पान लावून घेईल इतका वेळ ते थांबत. मुले वर्गात त्याची नक्कल करत.

“तुमचा राग असा की हा खेळ साहेबांचा आहे,” ते अखेर म्हणाले. “इंग्रजीत आहे तोवर त्यांचा राहील. मराठीत आला की कुणाचाही होईल की. आणि दुसरं असं, या खेळाचा नियमच आहे. माझ्या बोलीचा जो अर्थ माझ्या भिडूला कळतो, तो समोरच्या दोघांनाही कळला पाहिजे. न कळवता खेळलो तर ती चोरी. मला चोरी करायची नाही, म्हणून छापतो.”

चोरी करायची नाही, म्हणून छापतो! हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, आणि म्हादबानेही.

आता ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काँट्रॅक्ट ब्रिज चार जणांचा. समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाला तेरा पाने. खेळण्याआधी लिलाव होतो: कोणता रंग हुकूम धरून किंवा बिनहुकूम किती हात करून दाखवू, याची बोली. भिडूची पाने आपल्याला दिसत नाहीत, आपली त्याला दिसत नाहीत. बोलीखेरीज एकमेकांना काही सांगायचा मार्ग नाही. इस्पिक आणि बदाम हे थोरले रंग, चौकट आणि किलवर धाकटे. थोरल्यांना गुण जास्त, म्हणून थोरला रंग लांब आला, म्हणजे त्याची पाच-सहा पाने हाती आली, की माणसाला तो बोलून दाखवायचा मोह होतो. मुंबईहून येणारी इंग्रजी पुस्तकेही तेच सांगत: पाच बदाम आहेत ना, मग बदाम बोला.

मास्तरांचे म्हणणे वेगळे होते. ते त्यांनी मला विजापूर वेशीत कादरसाबांच्या घड्याळाच्या दुकानात समजावले. कादरसाब त्यांचे भिडू. जाड भिंगाचा चष्मा, दाढीला मेंदी, बोलणे दखनी. चार बाजूंनी घड्याळे टिकटिकत असायची, एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या बाकावर तेरा पाने मांडली. पाच बदाम, बाकीच्या दोन रंगांची तीन-तीन, चौथ्याची दोन. पाने जडच होती, म्हणजे एक्के-राजे बरेच, पण चहूकडे सारखी वाटलेली.

“तुम्ही ‘बदाम एक’ म्हणालात,” मास्तर मला म्हणाले. “कादरसाब ‘इस्पिक एक’ म्हणाले. आता तुम्ही काय म्हणणार?”

“पुन्हा बदाम.”

“म्हणजे त्यांना वाटणार, तुमच्याकडे सहा-सात बदाम आहेत. आहेत का?”

“नाहीत. मग बिनहुकूम एक.”

“त्यांना वाटणार, पानं हलकी आहेत. हलकी आहेत का?”

“बिनहुकूम दोन, मग!”

“तेवढीही जड नाहीत. आता पुढं?”

हे “पुढं?” त्यांचे ठेवणीतले. वर्गात पोराने फाडकन उत्तर दिले की ते ओरडत नसत, एवढेच विचारत, “बरं. पुढं?” आणि पोराला आपल्या उत्तरातून पुढे रस्ताच नाही हे कळले की ते स्वतःच पाटी पुसायचे.

“पहिली बोली बोलताना मिरवलात, म्हणून दुसऱ्या बोलीला अडकलात,” मास्तर म्हणाले. “पहिल्यांदाच ‘बिनहुकूम एक’ म्हणा. पानं सारखी वाटलेली आहेत आणि जड आहेत, एवढं एका दमात सांगून झालं. पुढचं भिडू ठरवील. लांब रंग हातात आला म्हणजे तो बोलूनच दाखवला पाहिजे असं नाही. आपल्याकडं काय आहे हे मोठ्यानं सांगणं वेगळं, आणि खरं सांगणं वेगळं.”

कादरसाब भिंगातून वर बघत म्हणाले, “और मेरे पास बी पाँच बदाम रहे तो? गया ना माल पानी में!”

“कधी कधी जाईल. ते पत्रकात छापलंय, तिसऱ्या पानावर.”

“देखो मियाँ,” कादरसाब मला म्हणाले, “सारे बाजार में ये एकच दुकानदार है, जो अपने माल की खोट खुद छाप को बाँटता.”

असा हा माणूस. याला लबाड म्हणतात!

क्लबात मास्तर शिरले कसे, तेही ऐका. रेल्वे लाइन्समधल्या एका नामांकित वकिलांच्या मुलाला ते अंकगणित शिकवायला जात. वकिलांचे नाव मी लिहीत नाही. नाव लिहिले तर भांडण एका माणसाशी होईल, आणि माझे भांडण त्या दिवाणखान्यातल्या सगळ्यांशी आहे. सरकारने दिलेल्या पदवीने सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणतो. एका संध्याकाळी रावसाहेबांकडे खेळायला चौथा भिडू आला नाही. “मास्तर, बसता का? पानं नुसती धरून ठेवा,” असे म्हणून त्यांना बसवले. मास्तरांनी महिनाभर पाने नुसती धरली. दुसऱ्या महिन्यापासून रावसाहेब हरू लागले. तोवर चौथ्याची सवय लागली होती. मास्तरांना क्लबात पाहुणा म्हणून नेऊ लागले. दर रविवारी क्लबाच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला येणाऱ्या कादरसाबांना मास्तरांसमोर बसवले, कारण ‘बदाम असून बदाम न बोलणाऱ्या’ माणसासमोर बसायला दुसरे कुणी तयार नव्हते. खेळायला हे दोघे चालत. चहा मात्र त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात मिळे. कादरसाब म्हणत, “अच्छा है, हवा आती.” मास्तरांना मी विचारले, तर एवढेच म्हणाले, “खेळ चांगला आहे.”

पत्रक छापून झाले. त्याची कच्ची मुद्रिते तपासायला मास्तर तीनदा आले होते. “लबाडी” हा शब्द त्यांनी दोनदा वापरला होता, दोन्ही वेळा खोडला. त्या जागी “चूक” घातला. समोरच्यावर आरोप नको, म्हणाले. नाताळच्या सुट्टीत क्लबाचे सामने होते. त्याच्या तीन आठवडे आधी मास्तरांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक टेबलावर पत्रक ठेवले आणि एक प्रत चिटणिसांच्या हातात दिली. चिटणिसांनी ती उलटसुलट केली, मराठी अक्षरे पाहिली आणि टेबलाच्या खणात टाकली. पुढे त्यांनी सांगितले की, त्यांना ती केसांच्या तेलाची जाहिरात वाटली. मथळ्यात “समतोल पानांत” असे ठळक अक्षरांत छापलेले असताना कुठल्या तेलाची, ते त्यांनाच ठाऊक.

सामन्याचा शेवटचा डाव मी भिंतीशी उभा राहून पाहिला. कादरसाबांनी मला आत नेले होते. मास्तर आणि कादरसाब समोरासमोर. त्यांच्याविरुद्ध रावसाहेब, आणि रावसाहेबांचे भिडू एक डॉक्टर. डॉक्टर शांत माणूस. साखर पेठेतल्या विणकरांना फुकट औषध देतात, म्हणून त्यांचे नाव मी आदराने घेत आलो होतो. तीच पाने दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या चौघांना वाटलेली होती, म्हणजे नशिबाचा प्रश्नच नव्हता. सामन्यांच्या बक्षिसाची ढाल कुणाची, ते या एका डावावर ठरणार होते.

मास्तरांच्या हातात बदामाचा एक्का, राणी, नव्वी, छक्की, तिर्री. बाकीची पाने जड आणि सारखी वाटलेली. ते थांबले. मग म्हणाले, “बिनहुकूम एक.” कादरसाबांकडे बेताची चांगली पाने आणि तीन फालतू बदाम. ते म्हणाले, “बिनहुकूम तीन.” म्हणजे नऊ हात करायचे.

पहिले पान रावसाहेबांचे. या ठिकाणी नियम असा आहे की, ‘तुमच्या भिडूच्या बोलीचा अर्थ काय’ असे रावसाहेब कादरसाबांना विचारू शकत होते. त्यांनी विचारले नाही. मास्तरांकडे बदाम नाहीत अशी त्यांची खात्री; पाच बदाम असते तर माणूस बोलला नसता का? आणि रावसाहेबांच्या स्वतःच्या हातात बदामाचा राजा, गुलाम, दश्शी, अठ्ठी. त्यांनी झोकात बदामाचा गुलाम टाकला. मास्तरांनी तो राणीने घेतला. एरवी ती राणी रावसाहेबांच्या राजाखाली मेली असती. तो एक हात फुकट मिळाला आणि मास्तरांचे नऊ हात बरोबर झाले. दुसऱ्या टेबलावर मास्तरांच्याच पानांवर पुस्तकी गृहस्थांनी बदाम बोलून चार बदामांपर्यंत उडी मारली आणि दोन हातांनी आपटले. ढाल मास्तरांची झाली.

रावसाहेबांनी खेळून झालेली पाने उलटून मोजली.

“मास्तर, तुमच्याकडं पाच बदाम होते.”

“होते.”

“आणि तुम्ही बिनहुकूम बोललात.”

“बोललो.”

“आणि तुमच्या या घड्याळवाल्यानं एकदाही बदामांचं नाव काढलं नाही! बदाम झाकायचे आहेत हे त्याला कसं कळलं?”

“साब, मेरेकू क्या कळना?” कादरसाब म्हणाले. “तीन फालतू बदाम थे. मैं कायकू बदाम बोलूँ?”

“हे आधी ठरलेलं आहे,” रावसाहेब उभे राहिले. “दोघांच्या खुणा आहेत. सांगा मास्तर, आहेत की नाहीत?”

मास्तर थांबले. नेहमीसारखेच. पण त्या दिवाणखान्यात त्या थांबण्याचा अर्थ मला आणि कादरसाबांनाच ठाऊक होता. बाकीच्यांनी माना डोलावल्या. चोर गप्प बसला, असे सगळ्यांच्या चेहऱ्यावर मी वाचले. भिंतीपासून ओरडावेसे वाटले. ओरडलो नाही.

“ठरलेलं आहे,” मास्तर म्हणाले. “छापलेलंही आहे. दुसरं पान, वरून चौथी ओळ. तुमच्या पेल्याखाली आहे, रावसाहेब.”

पत्रक खरेच पेल्याखाली होते. तीन आठवडे ते टेबलावर पेल्यांखाली भिजत आणि वाळत होते. त्यावर एकात एक गोल उमटले होते. कोपऱ्यातून कुणीतरी हसले. हसणारा कोण ते मला माहीत नाही, पण मास्तरांचा घात त्या हसण्याने केला. हरल्याचे रावसाहेब विसरले असते. हसे झाल्याचे ते विसरणार नव्हते.

मी डॉक्टरांकडे पाहिले. ते गुणांच्या कागदावर पेन्सिलीने उगाच रेघा ओढत होते.

आठ दिवसांनी मंडळ बसले. मास्तरांनी पत्रक पुढे ठेवले. ते सगळ्यांच्या हातून फिरले. यात खुणा आहेत, असे कुणीही म्हणू शकले नाही. मग वाट शोधली गेली. क्लबाच्या खेळाची भाषा इंग्रजी आहे, मराठीत छापलेले म्हणजे रीतसर कळवलेले नव्हे, सबब राजय्या मास्तरांचे वर्तन “संशयास्पद” ठरते. ढाल काढून घेतली, आणि दोघांना दार बंद झाले. ठरावाची नक्कल मास्तरांनी मला वाचायला दिली.

रीतसर भाषा! हे कोण बोलते? गणेशोत्सवात आईचे दूध आणि मातृभाषा यांवर डोळ्यांत पाणी आणून भाषण करणारे हेच. लष्करी कायद्याच्या दिवसांत पांढऱ्या खादीच्या टोप्या ट्रंकेच्या तळाशी घालणारे आणि कायदा उठल्यावर इस्त्री करून बाहेर काढणारे हेच. यांच्या अशिलाने अंगठा उठवलेला मराठी कागद कोर्टात चालतो. त्या कागदावर यांचे बंगले उभे राहतात. पण विणकराच्या पोराने मराठीत छापून टेबलावर ठेवलेला कागद यांना दिसत नाही, आणि दिसला नाही म्हणून तो पोरगाच चोर! आपण वाचले नाही ही आपली चूक, एवढे एक वाक्य त्या दिवाणखान्यात एकाच्याही तोंडून निघाले नाही.

प्रकरण क्लबात थांबले नाही. मास्तरांच्या शाळेच्या मंडळावर रावसाहेब होतेच. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्याने मास्तरांना बोलावले.

“दोन ओळी लिहून द्या, मास्तर. ‘गैरसमज झाला, दिलगीर आहे.’ रावसाहेब म्हणाले, मग प्रकरण मिटलं.”

मास्तर म्हणाले, “लिहून देतो. पुढं?”

“पुढं काय? संपलं.”

“उद्या वर्गात पोरगं विचारील, मास्तर, तुम्ही पत्त्यांत लबाडी केली का? हो म्हटलं तर ते खोटं. नाही म्हटलं तर हे लिहून दिलेलं खोटं. मग त्याला काय सांगू, ते तुम्ही सांगा. तेवढं सांगा, लगेच सही करतो.”

मास्तरांनी त्याच खोलीत राजीनामा लिहिला. हे मला त्या मुख्याध्यापकांनीच पुढे सांगितले, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी त्या दिवशी आठ पानी पत्रक लिहिले. आयुष्यात इतके जळजळीत मी काही लिहिले नव्हते. मास्तरांना वाचून दाखवायला साखर पेठेत गेलो. त्यांची आई उंबऱ्यात मागासाठी सुताची कांडी भरत बसली होती. तिने मला तेलुगूत जेवलास का विचारले आणि उत्तराची वाट न पाहता भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे ठेवली. मास्तरांनी लिखाण ऐकले आणि शिसपेन्सिल मागितली.

“रावसाहेबांनी मंडळाला आधी फितवलं, असं लिहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे?”

“दुसरं काय असणार?”

“ठाऊक आहे का?”

“नाही.”

त्यांनी ओळ खोडली. “चिटणिसांनी मुद्दाम दडवलं. ठाऊक आहे?” खोडली. अशी खोडत खोडत आठ पानांच्या साडेचार ओळी उरल्या. “एवढ्या खऱ्या आहेत,” ते म्हणाले. त्या साडेचार ओळी छापायलाही आमचे मालक तयार झाले नाहीत. छापखान्याचे निम्मे काम वकिलांचे. मी नोकरी सोडली नाही. मी गप्प बसलो. रावसाहेबांवर इतके लिहिले, तर ही एक ओळ माझ्यावरही लिहिली पाहिजे.

त्यानंतर मास्तर घरच्या मागावर बसले. मी त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या फाल्गुनात, सकाळी. साखर पेठेत बोळभर ताणा लावलेला होता. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ लावलेले सूत ताणून बांधले होते आणि मास्तर कुंचला घेऊन त्याच्या कडेने चालत होते. कोट नव्हता. पायरीवर कादरसाब एका टायमपीसचे पोट उघडून बसले होते. मी बोलायला जाणार, तोच बोळाच्या तोंडाशी टांगा थांबला आणि डॉक्टर उतरले. मला वाटले, कुणी आजारी आहे. ते सरळ मास्तरांपाशी आले. ताण्याच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मास्तर.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, एक सांगायचं होतं. तुमचं पत्रक मी वाचलं होतं. सामन्याच्या आधीच. दुसरं पानही. रावसाहेबांनी बदामाचा गुलाम टाकला तेव्हाच मला कळलं होतं, तुमच्याकडे पाच असू शकतात.”

कादरसाबांच्या हातातला चिमटा थांबला.

 मास्तरांनी सुताचा एक तुटलेला धागा दोन बोटांत पकडला, थुंकी लावून जोडला.

“हे मला ठाऊक होतं, डॉक्टर,” ते म्हणाले. “तुम्ही कागदावर रेघा ओढत होता तेव्हा कळलं. पण हे मला सांगून काय होणार? मी पत्रक लिहिलंय. मला ते वाचल्याचा पुरावा नको आहे.”

“मी फार लाजलो आहे, मास्तर.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “पुढं?”

डॉक्टर टांग्यात बसून गेले. मास्तर कुंचला घेऊन ताण्याच्या कडेने पलीकडच्या टोकाला चालत गेले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. त्यांना हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.

दोन महिन्यांनी ते गेले. आणि आता ऐका. क्लबाने त्यांच्यासाठी शोकप्रस्ताव केला आहे! इंग्रजीत. “खिलाडू वृत्तीचा उत्तम खेळाडू” अशा अर्थाचे शब्द आहेत. “संशयास्पद” ज्या वहीत आहे त्याच वहीत, काही पाने सोडून. मेलेल्या माणसाला फुले वाहायला यांना काही लागत नाही. जिवंत माणसाला न्याय द्यायला तोंड उघडावे लागले असते. मास्तरांच्या आईला तो प्रस्ताव टपालाने पाठवला. तिला इंग्रजी येत नाही. कादरसाबांनी तो घडी करून क्लबाला परत केला.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता त्या क्लबाची वार्षिक सभा आहे. मला त्या सभेत बोलता येणार नाही. मी सभासद नाही, आणि भिंतीशी उभ्या राहिलेल्या माणसाची साक्ष कुणी धरत नाही. म्हणून हे तुम्हाला मागतो.

तुम्ही सभासद असाल आणि त्या दिवशी दिवाणखान्यात असाल, तर सभेत उभे राहा आणि तो ठराव रद्द करण्याची मागणी करा. तुम्ही सभासद नसाल, तर तुमचे वडील, काका, घरमालक, तुमचे वकील, तुमचे डॉक्टर यांपैकी जो कुणी सभासद असेल, त्याला रविवारच्या आधी घरी गाठा. वाद घालू नका. शिवी देऊ नका. मास्तरांनी ती खोडली असती. त्याला एवढेच विचारा: ते पत्रक तुमच्या टेबलावर होते का? तो हो म्हणाला, तर त्याला म्हणा, हेच रविवारी उभे राहून सांगा. मोठ्याने सांगा. मराठीत सांगा.